पहिल्या शब्दाला हो

कुवेतच्या कोठडीत तावूसचा मुलगा मुराद रक्त ओकतोय हे सांगायला जो माणूस दारात आला, त्याला तिनं आधी एक पेला चहा पाजला, मग दुसरा, आणि तिसरा पेला पुढ्यात ठेवल्यावरच त्याला बोलू दिलं. बातमी वाईट आहे हे तिला त्याच्या चपला काढण्यावरूनच कळलं होतं. पण वाईट बातमी आली म्हणून घरची रीत सोडायची, असं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

माणूस गल्लीतलाच, मुरादच्या कामाच्या टोळीतला. दोघं आबादानच्या तेल कारखान्यात ठेकेदाराकडं बॉयलरवर होते. उन्हाळ्यात सरकारनं इंग्रजांच्या कंपनीचं तेल आपल्या ताब्यात घेतलं, गोरे आपापल्या ट्रंका घेऊन बोटीत चढले, आणि त्यांच्या मागं तेल न्यायला एकही जहाज फिरकेना. कायम नोकरीवाल्यांना सरकार घरबसल्या पगार देत होतं. ठेकेदाराची माणसं मात्र उघड्यावर पडली. हिवाळा लागायच्या आत अर्धी गल्ली गलबतात बसून चोरून कुवेतला गेली. तिथंही तेल, तिथंही बॉयलर, आणि डोक्यावर तिथंही गोरेच.

"कागद नाहीत म्हणून धरलं आम्हाला, नने," तो माणूस म्हणाला. तावूसला अख्खी गल्ली नने म्हणायची, म्हणजे आई. "मी सुटलो, कारण माझ्या चुलत्यानं खुर्रमशहरच्या इंग्रजी वकिलातीतून पत्र आणून पाठवलं. हा माणूस कारखान्यात कामाला होता, चोर नव्हे, एवढंच. खाली शिक्का. तो शिक्का बघितला की तिथला साहेब कोठडी उघडतो. मुरादचं पत्र आलं नाही तर..." तो पेल्याच्या तळाशी बघत राहिला. "ताप उतरत नाही त्याचा. खोकल्यातून रक्त पडतं. महिना काढेल असं वाटत नाही."

"आपल्या सरकारचा कुणी वकील नाही का तिथं?" झीवरनं दाराआडून विचारलं. झीवर मुरादची बायको. डोक्यावरून घेतलेल्या चादरीचं टोक तिनं दातात धरलं होतं.

"तिथला बाहेरचा कारभार सगळा गोऱ्यांच्या हातात, वहिनी. आपलं कोण आहे तिथं? आणि इथली वकिलातही आता निघून चाललीय. सोमवारपर्यंत टाळं लावा म्हणून आपल्या सरकारनं त्यांना लिहिलंय. रेडिओवर सांगत होते."

त्या दिवशी शनिवार होता.

तावूसनं कलुच्यांचा, घरच्या खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा भरला. परक्याच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नसतं, मग तो परका वैरी का असेना. मुरादचा कारखान्यातला पितळी बिल्ला आणि त्याचा लग्नातला फोटो तिनं रुमालात बांधला. ती दाराबाहेर पडते तोच झीवर तिच्या वाटेत उभी राहिली.

"नने, एक सांगू? तिथं आढेवेढे घेऊ नका."

"तू मला बोलायला शिकवणार? तुझ्या बापाच्या घरी पाहुण्याला चहासुद्धा एकदाच विचारतात. मला ठाऊक आहे कुठं काय बोलायचं."

गल्लीच्या तोंडाशी शेजारची कोकब खाला कपडे वाळत घालत होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. "काय नने, सकाळी सकाळी नटूनथटून? ऐकलं ते खरं का? उन्हाळ्यात कारखान्याची इंग्रजी पाटी उतरली तेव्हा तुम्हीच ना गल्लीभर सरबत वाटलंत? आणि आज गोऱ्याच्या उंबऱ्याला?"

"सरबत वाटलं ते माझ्या साखरेचं," तावूस म्हणाली. "तू तीन पेले प्यायलीस. ते अजून पचलेले दिसत नाहीत."

उत्तर तर तिनं दिलं, पण बसमध्ये बसल्यावर तेच शब्द तिच्या छातीत पुन्हा टोचू लागले. पाटी उतरली तेव्हा ती छपरावर उभी राहून ओरडली होती, जा म्हणावं, पुन्हा तोंड दाखवू नका. आता त्यातल्याच एकाच्या तोंडाकडं बघायचं होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तशी तावूस. तिनं मनाशी ठरवलं, मागायचं आहे खरं, पण मागतेय असं दिसू द्यायचं नाही.

खुर्रमशहरला उतरून नदीकाठानं चालताना धक्क्यावर शबीब नाखवा भेटला. त्याच्या गलबतात खजुराची पोती चढत होती. याच गलबतातून मुराद गेला होता. त्याला टाळून ती पुढं निघाली होती. पण नाखव्यानं छातीवर हात ठेवून मान लववली, तेव्हा तिनंही मान हलवली.

"नने तावूस, पाय लागले धक्क्याला, धक्का पावन झाला. कुठं निघालात? हुकूम करा. गलबत तुमचंच आहे, मी तुमचा चाकर. म्हणाल तर बसऱ्याला, म्हणाल तर कुवेतला नेऊन सोडतो."

"देव तुमचं गलबत भरलेलं ठेवो," तावूस म्हणाली आणि पुढं गेली. एकानं असं बोलायचं, दुसऱ्यानं तसं. नाखवा खरोखरच कुणा बाईला गलबतात घेणार नव्हता, आणि कुणी शहाणी बाई त्यात चढणारही नव्हती.

वकिलातीच्या बागेत कागद जळत होते. दोन माणसं पेट्या बाहेर आणत होती. फाटकावरचा म्हातारा दरबान सब्जअली तावूसच्या माहेरच्या बाजूचा निघाला, म्हणून तिला आत सोडायला फार वेळ लागला नाही. धाकटा साहेब, त्याचं नाव लॉकवुड, बाह्या वर करून कागदांच्या ढिगाऱ्यात उभा होता. इथली भाषा तो पुस्तकातून शिकला होता. तोंड उघडलं की जुन्या शहाच्या दरबारातलं कुणी बोलतंय असं वाटायचं.

"आसनस्थ व्हावे, मातोश्री," तो म्हणाला.

तावूस खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि डबा पुढं केला. "हे काही तुमच्या लायकीचं नाही."

"आभारी आहे," म्हणत त्यानं डबा घेतला, उघडला आणि तिथंच एक कलुचा तोंडात टाकला. तावूसच्या भुवया वर चढल्या. पहिल्याच शब्दाला! आईबापानं काही शिकवलेलं दिसत नाही, ती मनात म्हणाली. एवढंच म्हणून ती थांबली. तिथं तिनं आणखी थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

मग तिनं त्याची प्रकृती विचारली, त्याच्या आईची विचारली, त्याच्या गावी बर्फ पडतं का ते विचारलं. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उत्तरं देत होता. शेवटी तिनं रुमाल सोडून बिल्ला आणि फोटो टेबलावर ठेवला.

"मुलगा माझा. कारखान्यात बारा वर्षं होता. कुवेतला जरा अडकलाय. तशी मोठी गोष्ट नाही."

रक्ताचं ती बोललीच नाही. घरचं दुखणं परक्यापुढं उघडं करायचं नसतं.

साहेबानं बिल्ल्यावरचा आकडा वाचला. टेबलावर शाईच्या गादीशेजारीच शिक्का पडला होता, लाकडी मुठीचा, अंड्याएवढा. तो त्यानं हातात घेतला. "पत्र मी या क्षणी लिहून देतो. पाच मिनिटांचे काम. लिहू?"

तावूसच्या डोळ्यांपुढं कोठडीचं दार उघडलं. तिच्या जिभेवर हो आलंही होतं. पण साठ वर्षं जी जीभ एका वळणानं वळली, ती एका दिवसात कशी सरळ व्हायची? पहिल्या हाकेला धावतं ते भुकेलं कुत्रं, हे तिला आईनं शिकवलं होतं, आणि तिनं मुरादला. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा नाइलाजानं हो.

"छे, छे. तुम्ही एवढे कामात. माझ्यासाठी हातातलं काम टाकू नका. मला काही घाई नाही."

साहेबाचा चेहरा उजळला. त्यानं शिक्का खाली ठेवला. "आपण फार दयाळू आहात. मग उद्या नऊ वाजता यावे. वास्तविक उद्या आमची सुट्टी, परंतु मी बांधाबांध करत येथेच असेन." आणि त्यानं उठून तिच्यासाठी दार उघडून धरलं.

दुसऱ्यांदा दारात विचारेल, असं तावूसला वाटलं. म्हणून दारात ती चादर सारखी करत रेंगाळली. विचारलं नाही. मग फाटकापर्यंत माणूस पाठवेल. ती सब्जअलीच्या बाकावर बसली. जळक्या कागदांचे काळे तुकडे तिच्या मांडीवर येऊन पडत होते. आतून पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येत होता.

"कुणाची वाट बघतेस, बहिणी?" सब्जअलीनं विचारलं.

"हाक मारतील."

"कोण?" त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि त्याच्या सगळं लक्षात आलं. पंचवीस वर्षं तो त्या फाटकावर होता. "अगं बाई, तू नको म्हणालीस की काय? जा, आत जा, पुन्हा सांग त्याला."

"मी? आपल्या तोंडानं? पुन्हा जाऊन?" तावूस उठली. "त्यानं उद्या बोलावलंय. मानानं बोलावलंय. दार स्वतः उघडून धरलं त्यानं."

"दार ते मांजरासाठीही उघडतात," सब्जअली पुटपुटला. पण ती निघून गेली होती.

घरी झीवरनं चूल सोडून धाव घेतली. "आणलंत?"

"उद्या नऊला."

"म्हणजे आज देत नव्हता?"

तावूसनं चादर उतरवून घडी घालायला घेतली. घडी मोडून तिनं ती पुन्हा घातली, आणि तिथंच झीवर समजली. ती सासूच्या समोर जमिनीवर बसली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं आवाज चढवला.

"नने, मुराद सांगायचा ते आठवतंय? त्यांचा गोरा फोरमन दुपारी विचारायचा, चहा घेणार का. हा म्हणायचा नको. झालं. गोरा पुन्हा विचारायचा नाही. बारा वर्षं याला त्या चहाचा घोट मिळाला नाही. आपण किती हसायचो त्यावर. तुम्ही तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचात."

तावूसला आठवत होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा पोरगा म्हणून ती त्याला चिडवायची.

"उद्या पहिल्या बसनं जाईन," ती म्हणाली. "उंबऱ्यावर बसेन. तो म्हणेल तेव्हा हो म्हणेन. म्हणायच्या आधीच हो म्हणेन."

पहिली बस खुर्रमशहरला पोचली तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते. वळणावरून वकिलातीचा झेंडा दिसायचा. त्या दिवशी नुसती काठी दिसली. तावूस चालता चालता पळायला लागली. फाटकाला साखळी होती, साखळीला आपल्या सरकारचं नवंकोरं कुलूप, आणि कुलपापुढं बंदूकवाला शिपाई. सब्जअली रस्त्याच्या कडेला स्वतःच्या वळकटीवर बसला होता.

"काल संध्याकाळी तार आली," तो म्हणाला. "उद्यावर ठेवू नका, आजच आटपा म्हणून. धक्क्यावर जा, बहिणी. त्यांची मोटरबोट अजून सुटली नसेल."

धक्क्याच्या टोकाला माणसं जमली होती, कुणी हसत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. मोटरबोटीचा दोर सुटलेला, बोट दोन हात लांब सरकलेली. मागच्या बाकावर लॉकवुड साहेब, आणि त्याच्या मांडीवर तिचाच कलुच्यांचा डबा. तावूस धक्क्याशेजारच्या गाळात उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. चादर पाण्यावर पसरली.

"हो," ती ओरडली. "साहेब, हो म्हणते मी. काल विचारलंत ना, लिहू का? लिहा."

धक्क्यावर कुणीतरी म्हणालं, ही तर सरबतवाली तावूस. ते तिनं ऐकलं. तिनं बोटीची कड दोन्ही हातांनी धरली.

साहेबानं बोट थांबवायला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. "मातोश्री, आपण म्हणालात की घाई नाही."

"म्हणाले. आमच्यात दोनदा नको म्हणतात. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत."

"मला ते ठाऊक होते," तो हळू म्हणाला. "पुस्तकात होते. पण काल ते आठवले नाही. मला ते खरेच वाटले."

"तर आता खरं सांगते. तो रक्त ओकतोय. माझा एकच आहे. मी काल खोटं बोलले, मोठी गोष्ट नाही म्हणाले. मी तुमचे पाय धरते, साहेब, पण बोटीमुळं हात पोचत नाही."

साहेबानं तोंडावरून हात फिरवला. "शिक्का काल संध्याकाळी फोडला. तसा नियम असतो. माझ्याकडे त्याचे तुकडेसुद्धा नाहीत. कालपासून मी येथे कुणीही नाही." तरी त्यानं खिशातून कागद काढला, डब्याच्या झाकणावर ठेवला, आणि मुरादचं नाव आणि बिल्ल्यावरचा आकडा तिच्याकडून विचारून घेऊन चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. कागद देताना तो म्हणाला, "तेथील साहेब माझे अक्षर ओळखतो. परंतु शिक्का नसलेला कागद टपालाने गेला तर केराच्या टोपलीत जाईल. घरचे माणूस घेऊन समोर उभे राहिले, तर कदाचित..."

"कदाचित म्हणजे किती?"

"कदाचित म्हणजे कदाचित, मातोश्री."

बोट पलीकडच्या तीराकडं निघाली. तावूसनं कागद डोक्यावर धरला आणि पाण्याबाहेर आली. घरचं माणूस. घरचं माणूस म्हणजे कोण? झीवरच्या पदरात दोन तान्ही. दीर, भाचे, सगळे तर तिकडंच, कोठडीत नाहीतर कोठडीच्या भीतीनं लपलेले. या काठावर आता दुसरं पत्र लिहून देणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मुरादला महिनाही मिळणार नव्हता. चिखलानं माखलेल्या पायांनी ती धक्क्यावरून चालत राहिली. बघणारे बाजूला होत होते.

शबीब नाखव्याचं गलबत भरून तयार होतं. ओहोटी लागायची तो वाट बघत होता. तिला त्या अवस्थेत बघून तो दचकला, पण रीत विसरला नाही. छातीवर हात ठेवून मान लववून म्हणाला, "नने, हे काय झालं? काही लागलं तर सांगा. मी तुमचा चाकर. गलबत तुमचंच आहे."

तावूस थांबली. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा फळीकडं. मग फळीवर पाय ठेवला, गलबतात चढली, आणि खजुराच्या पोत्यांवर जाऊन बसली.

खलाशी हसू लागले. नाखवा हसला नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, डोक्यावरचं फडकं काढलं, पुन्हा बांधलं.

"नने, ती आपली बोलायची रीत."

"मला ठाऊक आहे."

"तिकडं तपासणी असते. कागद नसलेलं माणूस सापडलं तर गलबत जप्त करतात. माझी चार पोरं आहेत."

"माझं एकच आहे. ते तुम्हीच नेऊन सोडलंत."

नाखव्यानं मान दुसरीकडं वळवली. "बाईमाणूस गलबतात. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी आज मला गोऱ्याच्या बोटीला लोंबकळताना बघितलं. आता त्यांच्याकडं म्हणायला काय उरलंय?" तिनं ओली चादर डोक्यावर ओढली. "तुम्ही एकदा म्हणालात, गलबत तुमचंच. मी हो म्हणते. उतरवायचं असेल तर हाताला धरून उतरवा. माझ्या पायांनी मी उतरणार नाही."

पाहुण्याला हाताला धरून कोण उतरवतं? नदीचं पाणी धक्क्याच्या खांबावरून बोटभर खाली गेलं, मग दोन बोटं. ओहोटी कुणासाठी थांबत नाही. शेवटी नाखव्यानं तिच्याकडं न बघताच दोर सोडायला सांगितलं.

गलबत आबादानवरून गेलं तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. जहाजं लागायचे ते धक्के रिकामे पडले होते. धुराड्यांतून धूर नव्हता. तावूसला वाटलं, किनाऱ्यावर झीवर दिसेल, दिसली तर हात करू. किनाऱ्यावर कुणी नव्हतं. आपण कुठं गेलो हे धक्क्यावरचं कुणी झीवरला सांगेल तेव्हा कळेल, सांगितलं तर. कागद तिनं छातीशी ठेवला होता. त्यावरची शाई कुठं फुटली तर नाही ना, हे काढून बघायची तिची हिंमत होत नव्हती.

खाडीचं तोंड दिसू लागलं तेव्हा नाखवा पाण्याचा पेला घेऊन आला.

"पाणी घेणार, नने?"

"हो," तावूस म्हणाली, आणि हात पुढं केला.